आजीच्या पाट्यावरचा माझा लेख यूट्यूबवर 'लेखक अनामिक'! रजिस्टर केला नाही म्हणजे हक्कच नाही का?

मेतकूट
नमस्कार मंडळी,
एरवी मी इथे वाचनमात्र असते, पण आज डोकं फिरलंय म्हणून धागा काढला. पाल्हाळ लागलं तर सांभाळून घ्या.

२०१९ ला एका छोट्या दिवाळी अंकात माझा एक ललित लेख आला होता, आजीच्या पाट्या-वरवंट्यावर. पाटा मधोमध झिजून इतका खोलगट झाला होता की टाकीवाली (छिन्नीने ठोकून पाटा परत खडबडीत करून देणारी) म्हणायची, म्हातारे आता ह्याला टाकी लावू की ह्यात चिमण्यांना पाणी ठेवतेस. त्यावर आजी खुरासणीची चटणी वाटायची. आजी घरातच गेली, दुपारी, झोपेत. तिच्यानंतर पाटा कोणी वापरला नाही, वरवंटा मात्र अजून आमच्या मागच्या दाराला लावलेला असतो, वाऱ्याने आपटू नये म्हणून. लेख तिथेच संपतो, त्या दारापाशी. एवढंच.

लॉकडाऊनमध्ये तो व्हॉट्सॲपवर फिरायला लागला, माझ्या नावाशिवाय. मला माझ्याच चुलत नणंदेने पाठवला, "किती छान लिहिलंय बघ, तुला आवडेल" म्हणून. खाली "लेखक अज्ञात, पण जो कोणी आहे त्याला सलाम". त्याला! तेव्हा हसून सोडून दिलं.

गेल्या आठवड्यात कळलं की एका यूट्यूब चॅनेलवर त्याचं अभिवाचन आहे, मागे बासरी वगैरे, "डोळ्यांत पाणी आणणारी कथा", लेखक अनामिक. ऐकलं. खुरासणीच्या चटणीची खोबऱ्याची झालीय, ठीक आहे, पण शेवटी माझ्या आजीला वृद्धाश्रमात पाठवलंय!! ती तिथे खिडकीशी बसून पाटा मागते, मग मुलगा येऊन रडतो, मग "आईवडिलांना जपा" इत्यादी. अहो तो मुलगा म्हणजे माझे वडील, ८१ वर्षांचे आहेत, आजीचं शेवटची चार वर्षं सगळं त्यांनी केलं. कट्ट्यावरच्या मित्राने त्यांना हे मोबाइलवर ऐकवलं, दोन दिवस नीट जेवले नाहीत.

चॅनेलवर कमेंट केली तर उत्तर आलं, "ताई, हे आम्हाला व्हॉट्सॲपवर आलं होतं. तुमच्याकडे कॉपीराइट रजिस्ट्रेशन आहे का? असल्यास सर्टिफिकेट पाठवा." नाहीये ना. दिवाळी अंकाला लेख देताना कोण रजिस्ट्रेशन करतं? आता मला काही करता येईल का, का गिळून गप्प बसायचं?

चिंचगुळ
अगं बाई. आजीला वृद्धाश्रमात टाकलं हे वाचून हसू आलं आणि मग बाबांचं वाचून वाईट वाटलं. फॉरवर्डवाल्यांना एकही म्हातारी घरात सुखाने मरू द्यायची नाहीये.

उंटावरून_शेळ्या
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. नेटवर आलं की ते सगळ्यांचं. आणि पाटा-वरवंटा काय तुमच्याच आजीकडे होता का? माझ्याही आजीकडे होता. लोकांना आवडलं यात आनंद माना.

काळाकोट
मेतकूटताई, आधी एक श्वास घ्या. चॅनेलवाल्यांचा प्रश्नच चुकीचा आहे.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, लागू झाला जानेवारी १९५८ पासून. त्यात कुठेही असं म्हटलेलं नाही की रजिस्ट्रेशन केलं तर हक्क. तुम्ही लेख लिहिलात, कागदावर म्हणा फोनमध्ये म्हणा, त्या क्षणी तो तुमचा झाला. © हे चिन्ह नसलं तरी, "सर्व हक्क राखीव" छापलेलं नसलं तरी. रजिस्ट्रेशनचा उपयोग पुराव्यापुरता, कोर्टात ते सर्टिफिकेट प्रथमदर्शनी पुरावा धरलं जातं (कलम ४८), म्हणजे उलट सिद्ध करायची जबाबदारी समोरच्यावर जाते. करायचं असेल तर ऑनलाइन होतं, साहित्यकृतीला फी ५०० रुपये, डायरी नंबर मिळतो, मग कोणाचा आक्षेप येतोय का म्हणून ३० दिवस थांबतात, मग छाननी. आत्ता केलंत तरी चालेल, लेख जुना असला म्हणून बिघडत नाही.

आता तुमचं खरं दुखणं नाव गाळण्याचं आणि शेवट बदलण्याचं आहे. त्यासाठी कलम ५७ वाचा. लेखकाचे दोन हक्क: ही कृती माझी आहे असं सांगण्याचा, आणि कृतीची मोडतोड करून माझ्या नावाला लौकिकाला बाधा आणली तर ती थांबवण्याचा आणि नुकसानभरपाई मागण्याचा. गंमत म्हणजे तुम्ही कॉपीराइट विकून टाकला असता तरी हे दोन हक्क तुमच्याकडेच राहिले असते.

याची मोठी केस शिल्पकार अमरनाथ सहगल यांची. दिल्लीच्या विज्ञान भवनात त्यांचं ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प होतं, सरकारनेच करवून घेतलेलं. १९७९ मध्ये ते काढून गोदामात टाकलं, तुकडे झाले. सरकार म्हणणार आमची वस्तू आम्ही काय वाटेल ते करू. २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने उरलेलं शिल्प सहगलांना परत द्यायला लावलं आणि वर ५ लाख भरपाई. मालकी सरकारची असून!

(हा वकिली सल्ला नाही, फावल्या वेळातल्या गप्पा आहेत, वगैरे वगैरे.)

मेतकूट
काळाकोट, खूप आभार. कलम ५७ दोनदा वाचलं. पण माझ्याच मनात एक शंका आहे, वृद्धाश्रमाने माझ्या लौकिकाला काय बाधा? माझं तर नावच नाही तिथे.

काळाकोट
रास्त शंका आहे आणि समोरचा वकील हेच विचारेल :) नाव नसणं हीच मुळात पहिली तक्रार. आणि तुमच्या गावात, नात्यात, त्या अंकाच्या वाचकांत लेख तुमचा म्हणून माहीत आहेच की. आता त्यांना वाटणार हिच्या बापाने आईला आश्रमात ठेवलं. लेख आत्मपर आहे हा तुमचा मुद्दा भक्कम आहे. पण इतकं लांब जायची वेळ येऊ नये असं वाटतं.

उंटावरून_शेळ्या
म्हणजे उद्या मी पाट्या-वरवंट्यावर लेख लिहिला तर मेतकूटताई माझ्यावर पण केस टाकणार?

काळाकोट
खुशाल लिहा. पाटा, आजी, चटणी, आठवण हे कोणाच्याच मालकीचं नाही. कायदा कल्पनेला राखत नाही, ती मांडलीत कशी त्याला राखतो. १९७८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स. आनंद यांचं प्रांतीयवादावरचं नाटक, त्यात पंजाबी मद्रासी कुटुंबं, मुलामुलीचं प्रेम. मग तसाच विषय घेऊन एक हिंदी चित्रपट आला. आनंद हरले. कोर्ट म्हणालं विषय एक असेल पण मांडणी, प्रसंग, हाताळणी वेगळी आहे, दोन्ही बघणाऱ्याला ही नक्कल आहे असं वाटायला हवं. तेव्हा तुमच्या आजीचा पाटा तुमचा. फक्त "ह्याला टाकी लावू की ह्यात चिमण्यांना पाणी ठेवतेस" हे वाक्य तुमच्या लेखात यायला नको :)

चिंचगुळ
पाककृतींचं पण असंच ना? साहित्य: एक वाटी खुरासणी, आठ लसूण पाकळ्या... ही यादी कोणाची नाही. पण ती चटणी कशी जमली याचं जे कोणी दोन पानं रसभरित लिहितं ते त्यांचं. माझ्या ब्लॉगवरचे फोटो आणि मजकूर जसाच्या तसा उचलून खाली "साभार" लिहितात. साभार लिहिलं की झालं असं वाटतं लोकांना.

शाईचा_डाग
'साभार'वरून आठवलं. संपादक लेख परत पाठवायचे ते "साभार परत". फॉरवर्डवाले उचलतात ते नुसतंच साभार, परत काही नाही.

मी चाळीस वर्षं छपाईत आणि प्रकाशनात काढली, त्यामुळे एक वेगळा मुद्दा. मेतकूटताई, त्या दिवाळी अंकवाल्यांना तुम्ही काही लिहून दिलं होतं का? कारण चॅनेलवाले उद्या म्हणतील हक्क अंकाचे आहेत, तुम्ही कोण.

मेतकूट
बाप रे, हा विचारच केला नव्हता. काका, काही सही केल्याचं आठवत नाही. मेलवर लेख पाठवला, त्यांचा "लेख आवडला, घेतोय" असा मेल आला, दिवाळीनंतर ५०० रुपये मानधन आणि अंकाची एक प्रत. अंकात पुढच्या पानावर "या अंकातील सर्व हक्क प्रकाशकाधीन" असं छापलंय मात्र.

शाईचा_डाग
मग निश्चिंत राहा. असं छापायला आम्ही सगळेच छापायचो, साचाच असायचा, जाहिरातींच्या पानासारखा. त्याने तुमचा हक्क जात नाही. कॉपीराइट दुसऱ्याला द्यायचा तर लेखी लागतं आणि देणाऱ्याची सही लागते. कुठली कृती, कुठले हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशात, पैसे किती, हे सगळं त्यात हवं. मुदत लिहिलीच नसेल तर ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. आणि हक्क घेऊन वर्षभर काहीच केलं नाही तर ते हक्क सुटतात, करारात उलट काही नसेल तर. हे सगळं कलम १९. तुम्ही फक्त छापायला दिलंत, म्हणजे त्या अंकात छापण्यापुरती परवानगी.

नोकरीतल्या माणसाचं वेगळं बरं का. वर्तमानपत्रात पगारावर असलेल्याने जे लिहिलं त्याचा छापण्याचा हक्क मालकाचा, पुस्तक काढण्याचा वगैरे बाकी हक्क लिहिणाऱ्याचा, करार वेगळा नसेल तर. बाकी कंपन्यांत नोकरीचा भाग म्हणून जे कराल ते कंपनीचं.

मी बघितलंय, नवे लेखक पुस्तक येतंय या आनंदात करार वाचतच नाहीत. "सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी" यावर सही, आणि पेढे. जुने लेखक मात्र हुशार, पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर "सर्व हक्क सौ. अमुकतमुक यांच्याकडे". पूर्वी हक्क बायकोच्या नावावर ठेवायची पद्धतच होती आपल्याकडे. एका लेखकाने माझ्यासमोर बायकोला विचारलं होतं, दुसरी आवृत्ती काढू का. त्या म्हणाल्या आधी पहिलीचे पैसे येऊ देत.

चिंचगुळ
काका, त्या सौ. ना माझा नमस्कार.

तिसरी_घंटा
विषय निघालाच आहे तर. आमच्या सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी एकांकिका असते, यंदा एका नामवंत लेखकाची घेतलीय. कोणी म्हणतं परवानगी लागते, कोणी म्हणतं घरगुती आहे सोडा. नक्की काय?

काळाकोट
हौशी मंडळाने, तिकीट न लावता, फुकट बघणाऱ्या प्रेक्षकांसमोर केलेला प्रयोग कायद्याने अपवादात बसतो, किंवा एखाद्या धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला. कलम ५२. पण तिकीट, देणगी प्रवेशिका असलं काही ठेवलंत तर ह्या अपवादावर भिस्त ठेवू नका. शूट करून यूट्यूबवर टाकलंत तर तो वेगळाच हक्क, त्याला हा अपवाद लागू नाही. लोक नेमके इथेच फसतात, प्रयोग फुकट असतो आणि दुसऱ्या दिवशी व्हिडिओ चढवलेला असतो.

तिसरी_घंटा
आणि स्पर्धेला तर लेखकाचं परवानगी पत्र जोडल्याशिवाय प्रवेशिकाच घेत नाहीत, तेव्हा ती सवय आहे. तरी मी लेखकांना फोन केला. ते म्हणाले मानधन नको, पण माझं नाव घोषणेत नीट घ्या, गेल्या वर्षी एका ठिकाणी माझ्या नाटकाला माझंच नाव चुकीचं घेतलं होतं. व्हिडिओचं विचारलं तर म्हणाले टाकू नका. नाही टाकणार.

पणजीचो_पात्रांव
लग्नातल्या गाण्यांचं पण सांगा कोणीतरी. आमच्या गोव्यात यावरून मोठी धुमाळी झाली. लग्नात आणि वरातीत गाणी लावायला परवानगी लागत नाही असं परिपत्रक सरकारने जानेवारी २०२४ ला काढलं, ते ऑगस्टमध्ये हायकोर्टाच्या इथल्या खंडपीठाने रद्द केलं. हॉटेलवाले आता परत लायसन्स मागतात. म्हणजे वरातीतल्या बँडला पण लायसन्स?

काळाकोट
नाही नाही, घाबरू नका. धार्मिक विधी आणि त्यात लग्नाची वरात, लग्नाशी जोडलेले समारंभ, हा अपवाद कायद्यातच आहे, तो तसाच आहे. कोर्टाचं म्हणणं असं की कायद्यात लिहिलंय त्याच्यापुढे जाऊन परिपत्रकाने अर्थ वाढवता येत नाही. भांडण होतं ते हॉटेलातल्या डेस्टिनेशन वेडिंगमध्ये डीजे लावून चालणाऱ्या कार्यक्रमांवरून. तुमची हळद, वरात चालू द्या.

बोरकूट
लग्नावरून माझा पण प्रश्न. आमच्या लग्नाच्या फोटोग्राफरने आमचे फोटो न विचारता त्याच्या पेजवर जाहिरातीला टाकलेत, बायकोचा हळदीचा फोटो तर होर्डिंगवर. तो म्हणतो फोटो मी काढले, कॉपीराइट माझा.

काळाकोट
इथे बरेच जण फसतात. साधारणपणे फोटो काढणारा मालक, बरोबर. पण तुम्ही पैसे देऊन, तुमच्या सांगण्यावरून काढून घेतलेला फोटो असेल तर पहिले मालक तुम्ही, उलट करार नसेल तर. कलम १७. त्याच्या बिलाच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघा आधी.

बोरकूट
बघितलं. बिलाच्या मागे "एकदा दिलेला ॲडव्हान्स परत मिळणार नाही" एवढंच आहे. उद्या जातो त्याच्याकडे.

उंटावरून_शेळ्या
बरं मग मी काय काय बिनधास्त वापरू शकतो तेही सांगा. सगळंच कोणाचं ना कोणाचं म्हटलं तर माणसाने बोलावं का नाही?

शाईचा_डाग
शेळ्या, हा प्रश्न चांगला विचारलात. मुदत असते हो. लेखक गेल्यावर पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची, ती संपली की कृती सगळ्यांची. आधी ५० होती. रवींद्रनाथ गेले १९४१ ला, म्हणजे १९९१ संपता संपता त्यांचं सगळं मोकळं होणार होतं, तेवढ्यासाठी १९९२ च्या दुरुस्तीने १० वर्षं वाढवून ६० केली.

आपल्याकडचा हिशोब करून बघा. साने गुरुजी गेले जून १९५० ला, त्यांच्या हयातीत छापलेलं २०११ च्या १ जानेवारीपासून मोकळं. मर्ढेकर १९५६, म्हणजे २०१७ पासून. पु. ल. गेले २००० ला, म्हणजे २०६० च्या डिसेंबरअखेरपर्यंत हक्क शाबूत. अत्रे आणि अण्णा भाऊ साठे दोघेही १९६९ चे, दोघांचंही १ जानेवारी २०३० ला मोकळं होईल, तेव्हा मी असलो तर एक छोटी आवृत्ती काढायची इच्छा आहे.

सगळ्यात मजेशीर हिशोब बहिणाबाईंचा. त्या गेल्या डिसेंबर १९५१ ला. साधा हिशोब केला तर २०११ अखेर. पण कविता पुस्तकात आल्या त्या गेल्यावर, १९५२ मध्ये, सोपानदेवांनी काढल्या. आणि लेखकाच्या मागे पहिल्यांदा छापलेल्या साहित्याला ६० वर्षं मोजायची ती छापल्यापासून. म्हणजे एक वर्ष वाढलं, २०१२ अखेर. जिने आयुष्यात सही केली नाही तिच्या नावावर कायद्याने एक वर्ष जास्त लावलं, मला हे फार आवडतं.

उंटावरून_शेळ्या
आणि तुकोबा? ते तर सगळ्यांचे ना? मी अभंगाचं रील टाकलं तर आवाज बंद केला माझा.

काळाकोट
अभंग सगळ्यांचा. तुम्ही लावलंत ते कोणाचं तरी रेकॉर्डिंग, ते कंपनीचं. रेकॉर्डिंगला आणि चित्रपटाला प्रकाशनापासून ६० वर्षं. शिवाय चाल बांधणाऱ्या संगीतकाराचा हक्क वेगळा. स्वतः म्हणा, पारंपरिक चालीत, कोणी काही करणार नाही.

उंटावरून_शेळ्या
माझा आवाज ऐकला तर तुकोबाच केस करतील.

चिंचगुळ
पहिल्यांदा शेळ्यांशी सहमत.

सॅन_होजेकर
इकडून थोडी भर. १) भारतातला लेख इथेही संरक्षित असतो, बर्न करारामुळे (देशांनी एकमेकांचे कॉपीराइट मानायचा करार), करार १८८६ चा, भारत १९२८ पासून त्यात आहे. २) पण मुदतीचा हिशोब देशागणिक बदलतो, अमेरिकेत जुन्या छापील पुस्तकांना प्रकाशनापासून ९५ वर्षं असा प्रकार आहे, त्यामुळे तिकडे मोकळं झालेलं पुस्तक इकडे मोकळं असेलच असं नाही. आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत यावरून वाद झाला होता.

मेतकूटताई, तुमच्यासाठी कामाचं: यूट्यूबला काढून टाकण्याची विनंती करायचा फॉर्म असतो, रजिस्ट्रेशन मागत नाहीत. खरं नाव द्यावं लागतं, टोपणनाव चालत नाही, आणि ते नाव समोरच्याला दिसू शकतं. त्यात लगेच काढा किंवा सात दिवसांची मुदत देऊन काढा असे दोन पर्याय आहेत. सात दिवसांत त्यांनी स्वतःहून काढलं तर त्यांना स्ट्राइक बसत नाही. नाहीतर स्ट्राइक, ९० दिवस राहतो, ९० दिवसांत तीन झाले की चॅनेल बंद होऊ शकतो. चॅनेलवाल्यांना ह्याची भीती कोर्टापेक्षा जास्त असते.

काळाकोट
सात दिवसवाला पर्याय घ्या असं मी म्हणेन. आणि त्याआधी एक साधा मेल: लेख माझा, अमुक अंकात अमुक पानावर, नाव घाला आणि मूळ शेवट ठेवा किंवा काढून टाका. "आम्हाला माहीत नव्हतं" हा बचाव कायद्यात थोडा चालतो, म्हणजे त्यांना खरंच कल्पना नव्हती असं सिद्ध केलं तर भरपाई मिळत नाही, नुसती मनाई आणि झालेला नफा. पण तुम्ही कमेंट केलीत त्या दिवसापासून ते "माहीत नव्हतं" संपलं. त्या कमेंटचा आणि त्यांच्या उत्तराचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, आत्ताच, उद्या नाही. पैशासाठी जाणूनबुजून केलं तर कायद्यात ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे, हे मेलमध्ये लिहू नका, धमकी दिली की लोक अडून बसतात. आणि वेळ आलीच तर दावा तुम्ही राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात टाकता येतो, त्यांच्या गावी खेटे घालायला नकोत.

पुरावा काय काय आहे ते गोळा करा. स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने लेख पाठवायचा जो सल्ला लोक देतात त्याने हक्क वगैरे काही तयार होत नाही, तुमचा तो अंकवाल्यांना पाठवलेला मेल त्याच्यापेक्षा कितीतरी बरा.

मेतकूट
सापडला!! ऑगस्ट २०१९ चा मेल, सोबत फाइल, आणि त्याच्याही आधीचा कच्चा खर्डा वहीत, त्यात पाट्याचं चित्र काढलंय मी समासात आणि वर किराण्याची यादी. छापील अंक माळ्यावर होता, कसर लागलीय पण पान शाबूत आहे, माझ्या नावासकट. आज रात्री मेल करते. यूट्यूबचा फॉर्म आत्ता नको, आधी विचारून बघते. खरं सांगू का, मला ते काढून टाकायला नकोय, त्या बाईंचा आवाज चांगला आहे. मला फक्त आजी घरी परत हवीय.

चिंचगुळ
<- इथे डोळ्यांत पाणी. बासरीशिवाय.

शाईचा_डाग
जाता जाता, इथे आपण सगळे टोपणनावाने लिहितो म्हणून सांगतो. टोपणनावाने छापलेल्याला ६० वर्षं छापल्यापासून मोजतात, खरं नाव त्या काळात उघड झालं तर मग हयातीनंतरची ६०. तेव्हा 'मेतकूट' म्हणून जे काही लिहिता ते एकदा वहीत खऱ्या नावाने पण लिहून ठेवा, नातवंडांना उपयोगी पडेल.

बोरकूट
अपडेट: फोटोग्राफरने होर्डिंग उतरवायचं कबूल केलं. म्हणतो बायकोच्या जागी आता माझा फोटो लावू का, मी म्हटलं तेवढा धंदा बुडवू नकोस.

मेतकूट
मंडळी, दहा दिवसांनी येतेय, उशिराबद्दल सॉरी.

चार दिवस मेलला उत्तर नाही. मग सॅन होजेकर म्हणाले तो फॉर्म अर्धा भरला आणि तेवढ्यात फोन आला, त्या वाचणाऱ्या बाईंचाच. साताऱ्याकडच्या आहेत, शिक्षिका होत्या, मुलगा चॅनेल सांभाळतो आणि कमेंटला उत्तर त्याने दिलं होतं. अंकाचं पान बघून त्यांनाच लाज वाटली म्हणाल्या. वृद्धाश्रम त्यांनी घातलेला नाही, त्यांना फॉरवर्डच तसा आला होता. मी त्यांना मूळ लेख पाठवला. त्यांनी विचारलं खुरासणी म्हणजे कारळेच ना, आमच्याकडे कारळे म्हणतात. मग अर्धा तास चटणीवरच बोललो.

जुना व्हिडिओ काढला, नवीन टाकलाय. सुरुवातीला माझं नाव, अंकाचं नाव, वर्ष. शेवट दारापाशी. बासरी आहे पण कमी केलीय. बाबांना ऐकवलं, काही बोलले नाहीत, उठून मागच्या दाराशी गेले आणि वरवंटा सरळ करून आले.

काळाकोट, रजिस्ट्रेशनला पण टाकलंय, डायरी नंबर आला.

आता गंमत ऐका. नवीन व्हिडिओखाली पहिलीच कमेंट कोणाची तरी: "मूळ कथेत आजी वृद्धाश्रमात जाते. तुम्ही शेवट बदललात. किमान मूळ लेखकाचा तरी मान ठेवा." आणि त्याला ४३ लाइक.

उंटावरून_शेळ्या
आईशप्पथ, तो मी नाही.